नाशिक ते सॅन फ्रान्सिस्को, आईच्या इन्सुलिनच्या घड्याळाने

ओझरच्या विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंतचं सरळ अंतर साधारण १३,३७० किलोमीटर भरतं. मुंबईहून मोजलं तर १३,५१०. म्हणजे अमेरिकेचा तो किनारा नाशिककरांना मुंबईकरांपेक्षा सव्वाशे-दीडशे किलोमीटरने जवळच आहे. पण ओझरहून तिकडे विमान जात नाही. त्यामुळे आधी उलट दिशेने एकशेसत्तरच्या आसपास किलोमीटर गाडीत बसून मुंबई गाठायची आणि मग अमेरिकेला निघायचं.

नेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि 'फ्लाइट टाइम' क्षणात समोर येतो. बऱ्याच ठिकाणी हा वेळ काढायची रीत सोपी असते. सरळ अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर मिळवतात. मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोसाठी ते उत्तर सतरा तासांच्या आसपास येतं. गणित म्हणून ते बरोबर आहे. पण मला आईला घेऊन भावाकडे जायचं होतं, आणि आईला रोज रात्री दहाला इन्सुलिन लागतं. त्या सतरा तासांत रात्रीचे दहा नेमके कुठे वाजणार, हे कुठलीच साइट सांगत नव्हती.

आमच्या इंदिरानगरात आता घराआड एक मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे. एप्रिल-मे आला की आई-वडिलांच्या बॅगा भरायला लागतात. सगळे विचारतात ते व्हिसाचं, बॅगेच्या वजनाचं, व्हीलचेअर सांगितली का याचं. औषधांच्या वेळांचं काय, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही ते कसं बसवलं, ते जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात डॉक्टरांकडूनच झाली. प्रवासाला फिट असल्याचं पत्र घ्यायला गेलो होतो. त्यांनी आईचे रिपोर्ट पाहिले, बीपी घेतलं आणि मला विचारलं, "ताई, एकूण किती तास?"

"एकोणीस तास विमानात," मी म्हटलं.

"विमानातले नकोत मला. घराचं दार लावल्यापासून तिकडचं दार उघडेपर्यंत किती? आणि त्यात ताटं किती वेळा समोर येणार?"

मी अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. ट्रक सहा तास रस्त्यावर असतो म्हणून माल सहा तासांत पोचतो असं आम्ही कुणालाच सांगत नाही. लोडिंग, बिल्टी, नाक्यावरची रांग, समोरच्या गेटवरचं थांबणं हे सगळं धरूनच वेळ द्यायची असते. डॉक्टर मला माझ्याच कामाचा प्रश्न विचारत होते. मी म्हटलं, दोन दिवस द्या, तक्ता करून आणते.

आईचं इन्सुलिन चोवीस तास पुरणारं आहे. ते जेवणाशी बांधलेलं नाही, दोन डोसांमधल्या अंतराशी बांधलेलं आहे. शिवाय सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत घ्यायची गोळी आहे. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, "गोळी ताटाबरोबर, इन्सुलिन घड्याळाबरोबर." आणि लगेच बजावलं की हे तुमच्या आईच्या औषधांपुरतं आहे. ज्यांना दिवसातून दोनदा जेवणाआधी मिश्र इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो त्यांच्या डॉक्टरांनीच घालून द्यायला हवा.

आता मार्ग. पहिला विचार थेट विमानाचा होता, कारण आईला मध्ये उतरायला लागू नये असं भावाला वाटत होतं. पण २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना लांबचे वळसे पडायला लागले. काही विमानांना तर इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावं लागत होतं. आम्ही निघणार होतो मे महिन्याच्या अखेरीस. वेळ कधी बदलेल याचा भरवसा नसलेल्या प्रवासावर इन्सुलिनचा तक्ता बांधायची माझी तयारी नव्हती.

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी सरळ रेषा पाकिस्तानातून जातच नाही, हे मला या निमित्ताने कळलं. ती उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून राजस्थानावरून वर चढते आणि लडाख-काराकोरमच्या अंगाने मध्य आशियात शिरते. मग विमानं तशी का जात नाहीत? कारण केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला काही मिनिटांत दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन थोडाच वेळ पुरतो. काराकोरमवर खाली यायला जागाच नाही. तिथलं के-टू शिखरच ८,६११ मीटर उंच आहे, म्हणजे २८,००० फुटांच्या वर. म्हणून विमानं पश्चिमेकडून वळसा घालून जातात आणि त्या वळशाच्या वाटेत पाकिस्तान येतो. नकाशावरची सरळ रेषा आणि विमानाची वाट यांच्यात डोंगरही असतात आणि राजकारणही. रशियाचंही तसंच. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोप आणि अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, आखाती कंपन्यांना जाता येतं.

फ्रँकफर्टवरून दोन टप्प्यांची बेरीज पंधरा हजार सातशे किलोमीटरच्या घरात जात होती. सिंगापूरवरून तर साडेसतरा हजार. दुबईवरून मात्र मुंबई-दुबई १,९३० आणि पुढे १३,०२० असे मिळून १४,९५०. थेट अंतरापेक्षा हे सुमारे दीड हजार किलोमीटरने जास्त, पण दुबईला अडीच तास पाय मोकळे करायला मिळणार होते. ज्यांचे पाय सुजतात त्यांच्यासाठी ही सोय लहान नाही. आम्ही दुबई घेतलं.

रात्री जेवणं उरकल्यावर मी तिकिटाचा कागद घेऊन टेबलाशी बसले. आई भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघत होती. "दुबईहून परत डावीकडे जायचं ना? युरोप, मग समुद्र, मग अमेरिका," ती बोटाने दाखवत म्हणाली. सपाट नकाशावर तसंच दिसतं. मी माळ्यावरून मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली आणि तिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक दुबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरलं आणि दोरा ताणला. तो पश्चिम युरोपाला शिवलाच नाही. इराण, कॅस्पियन समुद्राचा पूर्वेकडचा काठ, रशिया करत थेट वर गेला, गोलाच्या डोक्यावरच्या पितळी खिळ्याला जवळजवळ चिकटला आणि पलीकडून कॅनडावरून खाली उतरला.

आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हणजे उत्तर ध्रुवावरून?"

"जवळजवळ."

"मग स्वेटर वरच्याच बॅगेत ठेवू."

त्या दोऱ्याचं गणित कागदावरही करता येतं, आणि ते इतकं सोपं आहे की आईने स्वतः बेरीज केली. दुबई ५५ अंश पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. दोन्ही मिळून जवळपास १८०, म्हणजे ही दोन गावं पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. अशा दोन गावांमधला जवळचा रस्ता ध्रुवावरूनच जातो. दुबईचा अक्षांश सव्वापंचवीस, तेव्हा तिथून ध्रुव पावणेपासष्ट अंश. सॅन फ्रान्सिस्कोचा अक्षांश ३७.६, तेव्हा ध्रुवापासून खाली ५२.४ अंश. एकूण सुमारे ११७ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर तेरा हजार. साइटवरचा आकडाही तोच. रेखांशात दोनेक अंशांचा फरक राहतो म्हणून सरळ रेषा नेमकी ध्रुवावरून न जाता त्याच्या साधारण २०० किलोमीटर बाजूने जाते. प्रत्यक्षातली वाट रोजच्या वाऱ्यांप्रमाणे थोडी हलते. अनुकूल वारा मिळाला तर वेळ वाचतो, समोरून आला तर जातो, आणि रोजचा मार्ग आखताना याचाच विचार मुख्य असतो.

मग वेळ. तिकिटावर लिहिलं होतं, दुबईहून सकाळी पावणेनऊला निघून त्याच दिवशी दुपारी दीडला सॅन फ्रान्सिस्को. घड्याळाकडे बघितलं तर पावणेपाच तासांचा प्रवास वाटावा. खरा तो पावणेसोळा तासांचा, कारण उन्हाळ्यात दुबई आणि कॅलिफोर्निया यांच्यात अकरा तासांचं अंतर असतं. एका तिकिटावर तीन गावांच्या तीन वेळा. साठी-सत्तरीच्या माणसाने औषध घेताना त्यातली कुठली धरायची?

मी सगळं भारतीय वेळेत उतरवलं. एकच रकाना, नाशिकच्या घड्याळाचा. रात्री आठला घर सोडायचं. साडेचारला पहाटे मुंबईहून उड्डाण. पावणेआठला दुबई. सव्वादहाला पुढचं विमान. रात्री दोनला सॅन फ्रान्सिस्को. इमिग्रेशन, बॅगा आणि भावाच्या घरापर्यंतचा रस्ता धरून पहाटे साडेचार. घर ते घर साडेबत्तीस तास, त्यातले विमानात एकोणीस. उरलेले साडेतेरा तास जमिनीवरचे होते, आणि 'फ्लाइट टाइम' सांगणाऱ्या कुठल्याच ठिकाणी त्यांची नोंद नसते. म्हाताऱ्या माणसाला दमवतात ते बहुतेक हेच तास. रांगा, बाकडी, जिने, फॉर्म, जेवणाची अनिश्चित वेळ.

त्या रकान्यात रात्रीचे दहा दोनदा आले. पहिले दहा मुंबईच्या वाटेवर, शहापूरच्या आसपास. दुसरे दहा विमानात, उतरायला चार तास असताना. ताटं कधी येतील याचा अंदाज घेतला. उड्डाणानंतर दीडेक तासाने पहिलं आणि उतरायच्या दोनेक तास आधी शेवटचं, अशी लांबच्या विमानात साधारण रीत असते. म्हणजे भारतीय वेळेप्रमाणे दुपारी पावणेबाराला एक आणि रात्री बाराच्या सुमारास दुसरं. दोन्ही गोळ्या तिथे बसल्या. मुंबई-दुबई विमानात पहाटे जे येईल ते झोपमोड करून खायचं नाही असं ठरलं. मधल्या लांब पट्ट्यासाठी दशम्या, खाकरे आणि भाजलेले शेंगदाणे, आणि साखर उतरली तर हाताशी ग्लुकोजची पूड. मधुमेहींचं जेवण विमान कंपनीला आधीच कळवावं लागतं, निदान चोवीस तास तरी. ते तिकीट काढतानाच सांगून टाकलं.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि पेनाने एकाच जागी खूण केली. "तिकडे पोचल्यावर पुन्हा रात्री दहाला आणायच्या भानगडीत पडूच नका. इथले रात्रीचे दहा म्हणजे तिकडचे किती?"

"सकाळचे साडेनऊ."

"मग तिकडे सकाळी साडेनऊला घेत जा. डोस तोच, अंतर तेच."

मी मनात दोन-तीन दिवस डोस थोडा-थोडा सरकवायचं काहीतरी किचकट वेळापत्रक धरून गेले होते. त्याची गरजच उरली नाही.

इन्सुलिन नेण्याबद्दल दोन गोष्टी महत्त्वाच्या. ते कधीही मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटात टाकायचं नाही. तिथे गारठून गोठलं तर निकामी होतं, आणि बॅग चुकली तर औषधच गेलं. सगळं हातातल्या पिशवीत, अर्धं आईकडे, अर्धं माझ्याकडे. सोबत डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन, त्यावर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. सुरक्षा तपासणीत मी पिशवी उघडून आधीच सांगत गेले, सुया आणि इन्सुलिन टोचायची पेनं आहेत, कुठेही अडवलं नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर काही आठवडे चालतं, पण मे महिन्यातल्या बंद गाडीत नाही. आमची गाडी थांबली की पिशवी आमच्याबरोबर उतरायची.

निघालो तो दिवस. आईने सातला घरीच आमटी-भात आणि भाकरी खाल्ली, देवापुढे दिवा लावला, शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. पाथर्डी फाट्याला ट्रकांची गर्दी होती, विल्होळीच्या पुढे रस्ता सुटला. घोटी, इगतपुरी, मग कसाऱ्याचा घाट. दहाला पाच कमी असताना शहापूरच्या अलीकडे ड्रायव्हरदादांना एका हॉटेलच्या उजेडात गाडी घ्यायला सांगितली. साखर तपासली, पेनवर आकडा फिरवला, आईने स्वतःच टोचून घेतलं. ती गेली कित्येक वर्षं स्वतःच घेते, मी नुसती बॅटरी धरली.

भिवंडीजवळ मानकोलीला जे व्हायचं तेच झालं. पाऊण तास गाड्या मुंगीच्या गतीने. नाशिक-मुंबई रस्त्याचे तास किलोमीटरवरून काढता येत नाहीत हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तक्त्यात मी त्यासाठी तास जास्तीचा ठेवला होता. पोचलो तेव्हा काउंटर नुकतंच उघडत होतं. दुबईबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. व्हीलचेअर होती, आई त्यात बसली नाही, सामान ठेवून शेजारून चालत राहिली. पायांना तेच हवं होतं.

लांबचं विमान उडालं आणि समोरच्या पडद्यावर दोऱ्याची तीच रेषा उमटली. केबिनची हवा फार कोरडी असते, त्यामुळे तहान लागो न लागो, मी दर तासाला आईला पाणी देत होते. दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूपर्यंत एक फेरी, बसल्या जागी टाचा उचलणं-टेकवणं चालूच. पायात डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे होते. इतका वेळ पाय लोंबकळत राहिले की रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि वय झालेल्यांना तो जास्त.

नंतर एक गोष्ट झाली जी तक्त्यात लिहिलेली नव्हती. सूर्य मावळलाच नाही. मे महिन्याच्या अखेरीस उत्तर ध्रुवाच्या भागात सूर्य चोवीस तास क्षितिजाच्या वर असतो, आणि आम्ही सकाळी निघून त्या भागातून पार होत होतो. खिडक्या खाली ओढून आतले दिवे मंद केले होते, लोक झोपले होते. आईने सहज पडदा बोटभर वर केला तर बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि खाली भेगा पडलेला पांढरा बर्फ. पडद्यावर विमानाचं चित्र नकाशाच्या अगदी माथ्याशी आलं होतं. आईच्या मनगटावरच्या जुन्या एचएमटीत सातला पाच कमी होते. नाशकात दिवेलागणीची वेळ. तिने हात जोडले आणि पुटपुटत शुभंकरोति म्हटलं. मग पडदा खाली करून म्हणाली, "इथे रात्र कुठली ओळखायची गं? बरं झालं घड्याळ बदललं नाही."

याच एका कारणासाठी मी तिला घड्याळ बदलू दिलं नव्हतं. विमानात घोषणा स्थानिक वेळेच्या होतात, फोन उतरल्यावर आपोआप वेळ बदलतो, बाहेर सूर्य दिसतो. या तिन्हींपैकी एकाचंही ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तिच्या मनगटावर नाशिक होतं आणि औषध नाशिकच्या वेळेचं होतं.

दुसरे दहा वाजले तेव्हा खाली कॅनडाचा उत्तर भाग होता. पडद्यावर ग्रेट बेअर लेक असं नाव दिसत होतं. संपूर्णपणे कॅनडात असलेल्या सरोवरांतलं ते सर्वांत मोठं, आणि मे सरत आला तरी गोठलेलंच. साखर १४२ आली. जेवण यायला अजून वेळ होता, पण हे इन्सुलिन जेवणासाठी थांबत नाही. सीटवरचा दिवा लावला. पेनमध्ये हवेचा बुडबुडा दिसत होता, म्हणून आधी दोन युनिट हवेत सोडून धार नीट येते का ते पाहिलं आणि मग आईने डोस घेतला. वापरलेली सुई मी घरून आणलेल्या जाड प्लास्टिकच्या डबीत टाकली. शेजारच्या खुर्चीतल्या तेलुगू आजी हे सगळं बघत होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, तुम्ही आत्ता का घेता, आत्ता तर सकाळ आहे. आईने त्यांना घड्याळ दाखवलं. त्याही मधुमेही होत्या. मुलाने उतरल्यावर बघू म्हणून सांगितलं होतं आणि त्या आदल्या दिवसापासून गोळ्या चुकवत आल्या होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की उतरल्याबरोबर मुलाला डॉक्टरांना फोन लावायला सांगा. दुसऱ्याच्या औषधात मी याहून जास्त बोलणं बरोबर नव्हतं, पण ते मनाला लागून राहिलं. मुलं तिकीट काढतात, सीट निवडतात, व्हीलचेअर सांगतात. एवढं सगळं प्रेमाने करणाऱ्यांनी औषधांच्या वेळांसाठी एक तास काढावा, असं मला फार वाटतं.

विमान वेळेच्या थोडं आधी उतरलं. इमिग्रेशनच्या रांगेने तो वेळ परत घेतला. खाण्याच्या वस्तू फॉर्मवर लिहिल्या, चिवड्याची पाकिटं दाखवली. ताजी फळं नेता येत नाहीत हे आईला घरीच समजावलं होतं, तरी द्राक्षांऐवजी काय न्यायचं यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली होती. भावाच्या घरी पोचलो तेव्हा तक्त्यातले साडेबत्तीस तास भरून वर वीसेक मिनिटं झाली होती.

तिथे राहताना एचएमटीचा आणखी एक उपयोग लक्षात आला. उन्हाळ्यात भारत आणि कॅलिफोर्निया यांच्यात साडेबारा तासांचं अंतर असतं. काट्यांच्या घड्याळात बारा तास गेले की काटे पुन्हा तिथेच येतात. म्हणजे नाशिकचं घड्याळ तसंच ठेवून त्यातून फक्त अर्धा तास वजा केला की तिकडची वेळ मिळते, दिवस-रात्र तेवढी उलटी. आईला हे एकदा सांगितलं आणि तिने मोबाइलकडे बघणंच सोडलं. सकाळी घड्याळात दहा वाजले की ती पेन घेऊन बसते.

मी रजा संपवून जूनच्या सुरुवातीला एकटीच परतले. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जूनला नुकताच खुला झाला होता. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी आली आणि कसाऱ्याचा घाट वाटेत लागलाच नाही. आईच्या परतीच्या तक्त्यात रस्त्यासाठी ठेवलेला जास्तीचा तास मी यामुळे कमी केला आहे, पूर्ण काढलेला नाही. भिवंडी-ठाणे जिथल्या तिथे आहे.

परतीचा तक्ता असा बनतो. सॅन फ्रान्सिस्कोहून विमान दुपारी पावणेचारला आहे, तेव्हा त्या दिवसाचा डोस सकाळी साडेनऊला भावाच्या घरीच. पुढचा चोवीस तासांनी, म्हणजे भारतातल्या रात्री दहाला, जेव्हा ती दुबईत विमान बदलत असेल. दुबईत तेव्हा साडेआठ वाजलेले असतील. नाशकात आल्यावर रात्रीचे दहा ते रात्रीचे दहाच.

पण हे सगळं ती दिवाळीच्या आत आली तर. भावाचं म्हणणं आहे की तिने नोव्हेंबर अखेरपर्यंत राहावं. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेतेरा तासांचं होतं. नाशिकचे रात्रीचे दहा म्हणजे मग तिकडचे सकाळचे साडेआठ. आईने सवयीने तिकडच्या साडेनऊलाच पेन उचललं तर एका दिवसापुरतं अंतर पंचवीस तासांचं होईल, आणि घड्याळातून अर्ध्याऐवजी दीड तास वजा करावा लागेल. भावाला सांगून ठेवलं आहे, तारीख पक्की करण्याआधी मला कळव, मी डॉक्टरांकडे नवीन तक्ता घेऊन जाते आणि मगच तिकीट काढ.